तव्यावर भाजलेला दाणा

५ ऑगस्ट, मंगळवार
दुलारी वीस दिवसांनी कामावर आली, टोपलीत बदकाची सात पिल्लं घेऊन. अभनपूरकडच्या तिच्या माहेरची. तिच्या आईने कोंबडीखाली अंडी बसवली होती; पिल्लं निघायच्या आत आई गेली, मागोमाग कोंबडी मांजराने नेली. भनपुरीत हिची एकच खोली, दारात ट्रकांची रांग. ठेवणार कुठे? "तीजा तक रहन दे दीदी." तीजेला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माहेरी जाईल तेव्हा आईच्या डबरीत, घराजवळच्या लहान तळ्यात, सोडणार आहे. तीन आठवडे. चौदा वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. हो म्हटलं. अटी सांगितल्या: मागच्या न्हाणीत राहतील, खाणंपिणं मी ठरवीन. "हव," म्हणाली.
हे म्हणाले, "तुह्या बी.एस्सी.त बदक होतं का?" बेडूक होता.

६ ऑगस्ट
बदक म्हणजे पाणी, असं धरून सकाळी टबात सोडली. दहा मिनिटांत सगळी चिंब, थरथर कापत. एकाने मान टाकली. टॉवेलने पुसली, खोक्यात घालून वर साठचा बल्ब लावला. मान टाकलेलं दुपारी उठलं.
दुलारी आल्यावर म्हणाली, आई पोटाखाली घेते तेव्हा तिच्या पिसांचं तेल पिल्लांना लागतं, बिनआईच्यांना पाणी फक्त प्यायला. मग काल का सांगितलं नाहीस? भांडी विसळता विसळता म्हणते, "आपेच तो कहे रहेव दीदी, सब मैं देखहूँ." हसली. महिन्याभरात पहिल्यांदा.

८ ऑगस्ट
दोघांच्या मागे शी वाळून चिकटलेली. कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून हळूहळू सोडवली, खोबरेल लावलं. ओढायची नाही, कातडी निघते. एकाचा डोळा चिकटला होता. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने पुसला. पाण्याची वाटी उथळ होती, बदलली. चोच आणि नाकपुड्या बुडायला हव्यात, नाहीतर डोळे असेच होतात. अंग मात्र भिजू द्यायचं नाही.
दु. रोज डब्यातली बासी त्यांना चिमूटभर घालते. रात्रीचा भात पाण्यात ठेवलेला, आंबूस. दोनदा बजावलं. "हव दीदी." उद्या पुन्हा घालेल.

११ ऑगस्ट, सोमवार
पावसाने पिल्लांच्या दाण्याची पिशवी खालून ओली झाली. अर्ध्या दाण्याच्या गाठी, हिरवट. फेकणार नाही. गाठी फोडल्या, चाळून घेतल्या, उरलेला तव्यावर खमंग भाजला, रव्याला करतो तसा. बुरशी काय, आळ्या काय, आचेपुढे टिकत नाही. गार करून डब्यात भरला. घर जळकट वासाने भरलं, हे खोकत बाहेर जाऊन बसले.

१४ ऑगस्ट
खाणं कमी. सगळ्यांचंच. गूळ-पाणी दिलं, बल्ब खाली घेतला.
मोठं जे आहे, दु. ज्याला ठाकूर म्हणते, ते दोन पावलं टाकून बसतं.

१६ ऑगस्ट
सकाळी एक मेलेलं. मान मागे वळलेली, पाय ताठ. पायांच्या कातडीखाली जांभळट. दु. यायच्या आत लिंबाखाली पुरलं. तिने खोक्यात पाहिलं, बोट दाखवत मोजली आणि भांडी घासायला बसली.

१७ ऑगस्ट
आणखी दोन.

१८ ऑगस्ट, सोमवार
आज चौथं. आणि न्हाणीत वाटीभर बासी, वर पाणी, बाजूला ठाकूर कलंडलेला, धुगधुगी असलेला.
दु. ला बोलले. जे बोलले ते लिहूनच ठेवते: "मना किया था कि नहीं? सड़ा हुआ खिलाती हो. तुम्हारे हाथ से मरे हैं ये."
ती उभी राहिली. म्हणाली, "मोर दाई घलो इही देवत रहिस." तिची आईही हेच द्यायची म्हणे. मी म्हटलं, तुझ्या आईचं मला सांगू नको. तिने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं, हात पुसले, चपला घातल्या आणि गेली. खरकटं तसंच.
हे जेवताना म्हणाले, "काहून बोललीस तिले असं? दीड महिना नाही झाला तिची आई जाऊन."
चूक ती चूक. मेलेल्या आईने ती बरोबर होत नाही.

१९ ऑगस्ट
दु. आली नाही.
उरलेली तीन. चौथ्याला कागदात गुंडाळून पशु-रुग्णालयात नेलं, सोबत दाण्याचा डबा. यांना रिक्षात डबा मांडीवर धरायला सांगितला. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, मराठीच आडनाव, पण बोलते हिंदी. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं, बासी दोनदा अधोरेखित. तिने कागद बाजूला ठेवला. पिल्लू उघडून पाहिलं. यकृत पिवळं, फिकट. मग डबा उघडून वास घेतला.
"ये भुना हुआ क्यों है?"
सांगितलं.
"फफूंद मर गई होगी मैडम. उसका ज़हर नहीं मरता. और बत्तख के बच्चे तो सबसे पहले जाते हैं इसमें."
मी बासीचं विचारलं. ती म्हणाली, ताजी असेल, फार आंबट नसेल तर बासीने काही होत नाही. उलट तेवढाच दाणा कमी गेला असेल पोटात.
औषध असं नाही. हा दाणा बंद, नवा कोरडा दाणा, शिजवलेली कणकी (तांदळाची कणी), व्हिटॅमिनचे थेंब, ऊब. बाकी बघायचं.
परतताना डबा यांनी न सांगता पुन्हा मांडीवर घेतला.

२० ऑगस्ट
भाजलेला दाणा खड्डा करून पुरला. तवा तीनदा घासला.
दु. ला फोन. मुलीने उचलला. "मम्मी काम पे गई हैं आंटी, नए घर." निरोप सांगायचा का? नाही म्हटलं. मुलीजवळ सांगायची गोष्ट नाही. तिला तोंडावर बोलले, तोंडावरच…

२२ ऑगस्ट
दोघं खातात. कणकी, वाटलेले मटार, नवा दाणा. एक तर आज माझ्या पायाच्या अंगठ्याला चोच मारून गेलं.
ठाकूर उठत नाही. छातीखाली टॉवेलची गुंडाळी देऊन बसवलं, म्हणजे पाय खाली सुटे राहतात. ड्रॉपरने पाणी चोचीच्या कडेला थेंब थेंब. घाई केली तर श्वासात जातं. तासाभराने पुन्हा. पिल्लाचा डोळा सारखा माझ्यावर.
आज भनपुरीला गेले होते. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सहानंतर या. सहापर्यंत थांबता आलं नाही, ठाकूरचं पाणी होतं. हे खरं कारण आहे का? निम्मं.

२४ ऑगस्ट, रविवार
दहा वाजता दु. आपणहून आली. नवं पातळ, हातात पिशवी. भाऊ तीजेसाठी न्यायला आला आहे, दुपारची बस. आत न येता मागच्या बाजूने गेली आणि खोक्यापाशी बसली. तीन दिसली. ठाकूरच्या पाठीवर बोट फिरवलं.
मी उभी होते. म्हटलं, "दुलारी, दाना मेरा खराब था. फफूंद वाला. मैंने भून के खिलाया. तेरी बासी से कुछ नहीं हुआ."
ती मान वर न करता म्हणाली, "जानत हँव."
कसं?
"तवा मैंच माँजे रहेंव न दीदी. हरियर-हरियर चिपके रहिस." तवा तिनेच घासला होता, हिरवं चिकटलेलं तिने पाहिलं होतं.
मग बोलली का नाहीस?
"तुमन पढ़े-लिखे हव."
माफ कर असं म्हणायला तोंड उघडलं तर म्हटलं काय, चहा घेशील? नको म्हणाली, बस जाईल.
खोक्यातून तिने ठाकूरला उचललं, पदरात गुंडाळलं. मी म्हटलं, अगं, चालती दोन ने, डबरीत तीच पोहतील, हे वाटेत जाईल. "येकर पाँव नइ चलय, गोदी म बइठ के जाही. ओ दूनो भागहीं." म्हणजे दोघं बसमध्ये पळतील, हे मांडीवर बसून जाईल. ड्रॉपर दिला, कडेने कसं पाजायचं ते दाखवलं. "हव." या वेळी नीट बघत होती. फाटकापर्यंत गेले. तीजेनंतर येशील का, हे विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.
दोन माझ्यावर सोडून गेली, की आजारी माझ्या हातून काढून नेलं? दुपारभर तेच. हे म्हणतात, "तिले मांडीवर काहीतरी पाहिजे होतं आईकडे जाताना. त्यात तू काहून येतं?"
दोघं तिसऱ्याला ओरडून ओरडून हाका मारत होती. चारनंतर थांबली, खाल्लं.
भात मुद्दाम जास्त लावला आहे. उरलेला पाण्यात घालून ठेवते. पाणी किती घालायचं, ते विचारायचं राहिलं.