तुझी पाठ, माझी पाठ

माय, तुझ्याशी मनात बोलते तेव्हा आपलीच बोली येते, पण पेन हातात घेतलं की शाळेतली भाषा उतरते. तुला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कोणत्याही भाषेत लिहिलं तरी सारखंच. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा मांडीवर होता. आता त्याची बायको घरात आहे, आणि मी शेलूबाजारच्या याच घरात, त्याच मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवते. सांगायचं आहे ते माझ्या पाठीचं. आणि थोडं तुझ्या.

मागच्या लग्नसराईत माझ्या उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. कात्री धरलेली असायची, पण धरली आहे हे बोटांना कळायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मशीनवर वाकून वाकून मान आणि पाठ आखडली आहे, असंच चाललं तर शिवणकाम सोडावं लागेल. त्याच आठवड्यात बाजारात आपल्या गावची एक बाई मागून आली आणि माझा खांदा धरून म्हणाली, "मले वाटलं, तुही मायच चालून राह्यली व!" ती मायेनं बोलली होती. मी मात्र घरी येऊन आरशासमोर एका अंगाला वळून उभी राहिले आणि लगेच बाजूला झाले. शेतात तण निंदताना वाकलेली तुझी पाठ आधी संध्याकाळी घरी येईपर्यंत सरळ व्हायची, मग रात्रीपर्यंत, मग झालीच नाही. शेवटी तर समोरच्याचं तोंड पाहायला तू मान तिरपी करायचीस. माझ्या लग्नात फोटोवाला म्हणाला, "मावशी, जरा सरळ उभ्या राहा." तू प्रयत्न केलास, हसलीस आणि अक्षतांचं ताट उचलून फोटोच्या बाहेर गेलीस.

सुनेनं मोबाइलवर योगासनांचे व्हिडिओ लावून दिले. मधल्या खोलीत, मशीन आणि सोयाबीनच्या पोत्यांमध्ये जेवढी जागा उरते तेवढ्यात सतरंजी टाकून मी सकाळी आसनं करायची. व्हिडिओतली मुलगी हिरवळीवर बसून हिंदीत सांगते, श्वास घ्या, सोडा. सुरुवातीला बरं वाटलं. मग मला घाई झाली. जन्मभराचं आखडलेलं मला पावसाळ्याआधी मोकळं करायचं होतं. एके दिवशी हलासन लावलं, पाय उचलून डोक्यामागे नेले, आणि मानेत अशी कळ आली की ना पुढे जाता येईना, ना मागे. आवाजही फुटेना. पाय पोत्यावर आपटला, तेव्हा सून पिठाच्या हातानं धावत आली.

"आई! हे काय करून बसल्या तुमी?"

"कोणाले सांगू नको."

"पहिले श्वास घ्या. आता हळूच, माह्या हातावर भार द्या." तिनं मला कुशीवर वळवलं, आणि मग तिलाच रडू आलं. "मोडली असती म्हंजे मान? आजपासून मोबाइल बंद. मंगरूळले क्लास आहे, तिथं घेऊन जातो तुमाले."

मान पूर्ण बरी झाल्यावर आम्ही जीपनं मंगरूळला गेलो. हार्डवेअरच्या दुकानावर एक लांबट हॉल आहे, तिथं क्लास चालतो. शिकवणारी मुलगी माझ्या मुलाच्या वयाची. तिनं पहिल्या दिवशी एकही आसन करू दिलं नाही, फक्त भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा टेकल्या, कंबर टेकली, डोकं टेकेना. मी जोर लावला तशी हनुवटी वर गेली. "काकू, जोर नका लावू," ती म्हणाली, "तुमचं डोकं भिंतीपाशी न्यायचं नाही. भिंत तुमच्या डोक्यापाशी आणू." तिनं टॉवेलाची घडी करून मध्ये ठेवली. मग निजवलं, तीच घडी डोक्याखाली दिली आणि म्हणाली, "शवासन. अंग सोडून द्या."

अंग सोडलं आणि तू आठवलीस. अंगणात तिरडी बांधून तयार आहे, माणसं खोळंबली आहेत, आणि दोघी बायका तुझे खांदे आणि गुडघे दाबत आहेत. कोणीतरी म्हणतं, "असं वाकलेलं कसं न्यायचं?" मी मुलाला कोणाच्या तरी हातात देते आणि ओरडते, "दाबू नका तिले! जिती असताना कोणी सरळ केली नाही, आता कायले करता?" मी तुझंच लुगडं घडी करून तुझ्या डोक्याखाली सरकवते. तू होतीस तशीच गेलीस, माय. त्या हॉलमध्ये मी एकदम उठून बसले. ती मुलगी शेजारी येऊन बसली आणि तिनं विचारलं, "घरी कोणाची पाठ अशी होती का?" सांगितलं मी तिला. कोणालाच इतकं सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "हाडाचा बाक पुरता जाणार नाही, काकू. खोटं नाही सांगत. पण आखडलेलं सुटेल, आणि पुढचं थांबवू."

ते खरं झालं. मुंग्या थांबल्या, कात्री हातात कळते. काम कमी घेते, मधेमधे उठते. क्लासला आठवड्यातून एकदा जाते, बाकी दिवस घरी, तिनं सांगितलं तेवढंच. दुपारी गल्लीतल्या दोघीतिघी येतात, त्यांनाही भिंतीला उभं करते. मागच्या महिन्यात तुझी निंदणातली सोबतीण आली, काठी टेकत, नुसती पाहायला. मला उताणी पडलेली पाहून म्हणाली, "तुही माय अशीच पडे वावराच्या धुऱ्यावर, भाकर खाल्ल्यावर."

मी उठून बसले. "ती? तिले तर उताणं पडता येतच नव्हतं."

"घरी नव्हतं येत. धुऱ्याचा उतार तिच्या पाठीले बरोबर बसे. आमी हसो, काहून व, झोपली का? तर म्हणे, झोपत नाही, आभाळ पाहून घेतो."

माय, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. इतकी वर्षं मी तुला खालीच पाहताना पाहिलं. ती गेल्यावर मी कितीतरी वेळ मशीनवर बसले, एक टाका घातला नाही.

हा कागद कुठं पाठवायचा? मशीनच्या खणात राहील. फक्त एक सांगते. क्लास संपताना, शवासनात, ती मुलगी सगळ्यांना म्हणते, डोळे मिटा. सोबतीण येऊन गेल्यापासून मी मिटत नाही. वर नुसता स्लॅब आहे, पंखा आहे. तरी पाहत पडते.