नऊ तासांची पाळी

धाकटे,

आशीर्वाद आहेच, तो लिहीत बसत नाही.

तिकीटवाला म्हणाला, सात हजार किलोमीटर, विमानाला नऊ तास. म्हटलं, नऊच? कारखान्यात माझी पाळी नऊ तासांची असते. अकरा वर्षं तुला "लांब पडतं गं" म्हणत राहिले, ते एवढंच होय.

काल शिलाई मशीनवर बसले नि मनानं तुझ्याकडे निघाले. विसाव्या कॉलरला जमीन संपली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली नुसतं पाणी, आणि अस्तराच्या कापडासारखे पसरलेले ढग.

मुकादमीण ओरडली, "बाई, कॉलर उलटी लावलीत. लक्ष कुठंय?"

"समुद्रावर," म्हटलं.

भोंगा वाजला तेव्हा तुझ्या दारात उभी होते. कडी वाजवायला हात उचलेना. आई गेली तेव्हा तू एवढ्या लांबून आलीस आणि उशिरा आलीस म्हणून मी तुझ्याशी बोलले नाही. लांब कसलं, हट्ट होता माझा.

हे पत्र टाकत नाही. टपालाला पंधरा दिवस लागतात, तुझं ऑपरेशन गुरुवारी. मी बुधवारी पोचते. माफी कशी मागतात ते मला येत नाही. तुझ्या उशाशी येऊन बसेन, तू समजून घे.

तुझी खडूस ताई