पान ३९ वरचं पान

मंगळवार, ७ मे

घात झाला! दीपगृहातल्या खुनाच्या पुस्तकाची पस्तीस पानं वाचली, मग कळलं – हे आधीच वाचलंय! खुनी तो डॉक्टर. चूक माझीच, आधी पान ३९ बघायला विसरले. तिथं खालच्या कोपऱ्यात माझा पेन्सिलीचा मासा होताच. वाचून झालं की मासा काढायचा, ही माझी नोंद. पुस्तकांची यादीबिदी मला जमत नाही, यादी हरवते. लायब्ररीतली मोठ्या टायपाची पुस्तकं वाचणारे आम्ही सगळे म्हातारे हेच करतो – कुणाची फुली, कुणाची चांदणी. लायब्ररीला कळत नाही, असं आपलं आम्ही समजतो.

पण आज माशाशेजारी कुणीतरी पेन्सिलीनं निलगिरीचं पान काढलं होतं! आणि खाली ठळक छापील अक्षरात – ‘डॉक्टरचा संशय होताच. फार गोड बोलत होता.’

माझ्या अगदी मनातलं.

शुक्रवार, १० मे

लायब्ररीत जाऊन फळीच्या फळी तपासली. जिथं मासा, तिथं पान! पाद्र्याच्या खुनात – ‘बायको बावळट, पण रस्सा चांगला करते.’ एकटीच मोठ्यानं हसले. माझा नवरा कॉल वारल्यापासून या घरात मी मोठ्यानं हसले नव्हते. किटली ओरडत होती, तेही ऐकू आलं नाही.

सोमवार, १३ मे

मीही आता माशाखाली छापील अक्षरात उत्तरं लिहिते. कोण असेल हा? सगळी आवड माझ्यासारखी!

खाटकाच्या दुकानात डॉरी पॅस्को भेटली. भेटली कसली, मला बघून सॉसेजकडे तोंड फिरवलं. फिरव बाई! शेतकी प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालेला तिचा स्पंज केक डेव्हनपोर्टच्या दुकानातला होता, हे मी तेव्हाही म्हटलं, आजही म्हणते. गावानं मलाच जळकी ठरवलं. महिला मंडळ सोडलं मी. आणि शाळेपासूनची मैत्रीण गेली ती गेलीच. एक दिवस ती कबूल करेल, आणि मी ते अख्ख्या गावाला ऐकवेन!

गुरुवार, १६ मे

लायब्ररीतली टालिया कोवळी पोर, पण पक्की आहे.

‘मिसेस हॉकिंग, पुस्तकांत कुणीतरी मासे सोडतंय. तुम्हाला काही कल्पना?’

‘मला? मला तर पोहतासुद्धा येत नाही!’

हसली. माझ्या हातात एक कोरं रबर ठेवलं. ‘कुणी मासेवाला भेटला तर द्या त्याला. महिनाअखेरीला मी सगळं पुसणार आहे. वरून हुकूम आलाय.’

सगळं! कॉल गेल्यानंतरच्या माझ्या सगळ्या संध्याकाळी त्या माशांत आहेत. आणि ते पान? ते पुसलं तर त्याला मी शोधायचं कुठं?

सोमवार, २० मे

सापडला! लिंडसे ट्रेगियर. जनावरांचा डॉक्टर होता, आता निवृत्त. बायको जाऊन चार वर्षं झाली. फाटकाशी ही मोठी निलगिरी! आणि चष्मा वाचणाऱ्याचा.

पोरकटपणा आहे, कळतंय मला. तरी आज नव्या आलेल्या पुस्तकात लिहिलं – ‘महिनाअखेरीला आपल्याला पुसणार आहेत. गुरुवारी ३० ला, सकाळी दहा, मोठ्या टायपाच्या कपाटाशी. खूण लावून.’ नवं पुस्तक आम्ही दोघं आधी पळवतो, म्हणजे पोचेलच.

शनिवार, २५ मे

उत्तर आलं. ‘ठरलं.’ एवढंच. आणि पान.

केस कापून आले.

गुरुवार, ३० मे

काय लिहू! लाज वाटते आणि हसूही येतं.

कॉलनं दिलेली माशाची पिन कोटाला लावली. लिपस्टिक लावली, पुसली, पुन्हा लावली. दहाला पोचले, तर कपाटाशेजारच्या खुर्चीत लिंडसे फुटबॉलची बातमी वाचत बसलेला! पण स्वेटरवर पान कुठंय? शोधत होते, तेवढ्यात कपाटामागून डॉरी पॅस्को आली. ओठ लालभडक. छातीवर निलगिरीची डहाळी.

‘तू?’

‘तू?’

‘मला वाटलं लिंडसे,’ ती पुटपुटली. ‘तो गळ टाकून बसतो ना, धक्क्यावर...’

‘मलाही तोच वाटला! फाटकाशी झाड नाही का त्याच्या!’

लिंडसेनं मान वर केली. ‘काय गं बायांनो, काय झालं?’

‘काही नाही!’ दोघी एकदमच ओरडलो.

हसू अगदी ओठांवर आलं होतं. तिच्याही. मग मला स्पंज आठवला. तिलाही आठवला असणार, कारण तिनं पर्स छातीशी धरली. मी पुढच्या दारानं बाहेर पडले, ती मागच्या.

इतक्या वर्षांत मला हसवणारं एक माणूस मिळालं, आणि तेही हीच बया निघावी!

शुक्रवार, ३१ मे

रबर घेऊन टालिया पुसायला बसली होती. तिसऱ्याच पुस्तकाशी थांबली आणि वाचत, खिदळत बसली. ‘राहू दे, मला दुसरी कामं आहेत,’ म्हणाली. मग एक पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. ‘हे तुमच्यासाठी ठेवायला सांगितलंय.’

कुणी, ते मी विचारलं नाही. पिशवीत टाकलं. उघडलं नाही.

शनिवार, १ जून

उघडलं. पान ३९. निलगिरीचं पान, आणि खाली आज छापील नाही, डॉरीचं शाळेपासूनचं तिरकं अक्षर – ‘स्पंज दुकानातलाच होता. रविवारी चहाला ये. या वेळी मी स्वतः भाजते.’

लेखी! तिच्या हातचं! हे मंडळाच्या फलकावर लावलं असतं तर अख्खं गाव तोंडात बोटं घालून बघत राहिलं असतं.

टालियाचं रबर काढलं आणि पहिलं वाक्य पुसलं. नीट, कागदावर वळही राहू दिला नाही. मग पानाशेजारी मासा काढला.