माझ्या वाटणीची खिचडी

पनवेल, माघ वद्य एकादशी, १९५५

दर एकादशीला कीर्तनात पेटी वाजवताना माझ्या पोटात मुरडा येतो आणि तांब्या घेऊन पळावं लागतं. मला उपासच सोसत नाही, असं म्हणायचो. पण उपास कसला? खिचडी, रताळी, दाण्याचे लाडू. आज फक्त कोमट पाणी प्यायलो. आई फणफणली, "उपाशी राहून कुठं उपास होतो का रे?" माझ्या वाटणीची खिचडी तिनं फराळाला आलेल्या कीर्तनकारबुवांना वाढली.

देवळात तांब्या नेहमीसारखा माझ्याजवळ भरून ठेवलेला. पूर्वरंग संपला, तरी पोट गप्प. आख्यान रंगात आलं आणि बुवाच थांबले, घामाघूम. मी सूर न सोडता डोळ्यांनीच तांब्या दाखवला. ते परत येईपर्यंत देऊळ माझ्या पेटीनं सांभाळलं.