मंत्रिमहोदयांचे शेवटचे तेल

काल्याओचा किल्ला,
जून १८२३

तीर्थस्वरूप कासिल्दाताईंच्या चरणी धाकट्या हिलारिओचा सविनय प्रणाम. आपला दमा आटोक्यात असो आणि सान्तियागोची थंडी यंदा आपल्या वाटेला न जावो, ही देवमातेपाशी रोजची विनवणी. माझे म्हणाल तर पोट बरे आहे, चित्त नाही. या नवस्वतंत्र देशाचे सरकार एका जागी बसत नाही, म्हणून त्याच्याकडे पाठवलेल्या राजदूतालाही बसता येत नाही. (अब्राहाम कुठे जायचे हे न जाणता निघाला खरा, पण त्याला हाक मारणारा देव एकच होता, मला इथली दोन प्रतिस्पर्धी सरकारे बोलावतात आणि दोन्ही घरी नसतात.)

आपल्या चिरंजीव फेर्मीनला राजाच्या फौजेने डोंगरात कैद केल्यापासून माझा ध्यास एकच: कैद्यांच्या अदलाबदलीत त्याचे नाव घालणे. ते अधिकार मंत्री डॉन प्रुदेन्सिओंचे. परवा लिमात ओरड झाली की राजाची फौज डोंगर उतरली, सरकार संध्याकाळपर्यंत या किल्ल्यात पळणार. मी बग्गी करून मंत्र्यांकडे धावलो, तो वाटेत घंटी वाजली. वृद्ध पाद्री बेर्नाबे कुणा मरणोन्मुखासाठी पवित्र प्रसाद घेऊन पायी निघाले होते. अशा वेळी प्रसादासह पाद्र्यांना बग्गीत बसवून, ती प्रभूच्या स्वाधीन करून आपण मेणबत्ती धरून मागे चालावे, ही रीत आपणांस ठाऊकच आहे. गाडीवान मेल्चोर कुरकुरला, "मालक, गल्ली बदलली असती तर देव रागावला नसता. शत्रू काही मेणबत्ती धरून येत नाहीये." मी त्याला शास्त्र ऐकवले आणि (मनोमन फेर्मीनची क्षमा मागत) चालू लागलो.

बग्गी थांबली ती डॉन प्रुदेन्सिओंच्याच दारी. आत ते डोळे मिटून पडलेले, वाचा गेलेली, पांघरूण हनुवटीपर्यंत. त्यांच्या सासूबाई डोन्या एउलालिया मला म्हणाल्या, "सकाळी चांगला जेवला हो. मंत्री पळतो का ते बघायला दारात माणसं जमली, आणि हा आडवाच झाला." जावयाने त्यांना विश्वासात घेतले नव्हते, त्यांनी बिचाऱ्यांनी भक्तिभावाने पाद्री बोलावला होता. वाचाच नाही, म्हणून पापनिवेदन नाही, प्रसाद नाही, थेट मरणाऱ्याच्या अंगाला लावायचे शेवटचे पवित्र तेल. डोळे, कान, नाक, ओठ, हात झाले. उरले पाय. पायथ्याशी मी उभा, आणि माझ्यासमोर पांघरुणातून घोडेस्वारीच्या बुटाची टाच बाहेर आलेली, घोड्याला टोचायच्या काट्यासकट.

आकीश राजापुढे दाविदाने जीव वाचवायला वेडाचे सोंग घेतल्याचे मला स्मरले. पण त्या सोंगासाठी त्याने पवित्र तेल खर्ची घातले नव्हते. मी मंत्र्यांच्या कानाशी वाकून प्रार्थनेच्या सुरात लॅटिनमध्ये म्हणालो (पाद्री कानांनी अधू, आणि सासूबाईंना लॅटिन म्हणजे प्रार्थनाच), "महाराज, फेर्मीनचे नाव घाला, नाहीतर पांघरूण उचलतो." एक डोळा उघडला आणि एक हात पुढे आला. मग मी मोठ्याने सांगितले, "पाय जखमांनी फुटले आहेत, हवा लागली तरी प्राण जाईल." पाद्र्यांनी पाय वगळले. मी अदलाबदलीचा कागद पुढे सरकवला आणि तेलकट बोटांनी सही झाली. सासूबाई हुंदका आवरून म्हणाल्या, "मृत्युपत्र केलंस ना रे? घर मला ठेवलंस का?"

अंधार पडताच मंत्री परसदारातून घोड्यावर निसटले. आता ते इथे किल्ल्यात माझ्या शेजारच्या खोलीत दोन वेळा जेवतात. सासूबाईंनी हा चमत्कार म्हणून जाहीर केला असून रविवारी मी शुभवर्तमानावर हात ठेवून साक्ष द्यावी, असा त्यांचा हट्ट आहे. मी मंत्र्यांकडे गेलो, तर ते कोंबडीचे हाड चोखत म्हणाले, "घ्या की शपथ, राजदूतसाहेब. तुमचा कागद शिक्क्यासाठी अजून माझ्याच मेजावर आहे."

आपला,
हिलारिओ

ता. क. : पत्राचे खरे कारण असे, की आपल्या पाद्र्यांना कुणा परक्या वृद्धाविषयी म्हणून विचारावे: पवित्र तेलाची विटंबना झाकणे, पाद्र्याशी खोटे बोलणे आणि खोटी शपथ, यांत जड पाप कोणते? रविवारच्या आत उत्तर येणार नाही, हे मी जाणतो.

पुन्हा ता. क. : वाऱ्यावाचून जहाज अडून राहिले, म्हणून लिहितो. शपथ घेतली. काल फेर्मीन आला. वाळला आहे, पण धड आहे. त्याने विचारले, "मामा, कसं सोडवलंत मला?" मी म्हणालो, "तुझ्या आईच्या प्रार्थनेनं." ताई, हे वाक्य पापांत धरायचे की नाही, एवढे मात्र पाद्र्यांना विचारू नये. ते आपणच ठरवावे.