झोपवलेला फिलेट

२२ सप्टेंबर

घट बसले. पूजा, सासूबाईंची अंघोळ, डबे, मग स्कूटरवरून अंबड एमआयडीसीतलं ऑफिस. पोचले तर ज्योतीने माझा पीसी चालू करून ठेवलेला. चांगली आहे मुलगी. हेच डोक्यात जातं.

नवीन काम: म्हाताऱ्या माणसांचा घडीचा वॉकर. खालचा सांधा माझ्याकडे, वरची मूठ ज्योकडे. गिऱ्हाईकाने पाठवलेलं कॉम्प्युटरवरचं मॉडेल म्हणजे उकिरडा. कडा गोल करायला फिलेट दिलेत, पण कुठला आधी आणि कुठला नंतर याचा पत्ता नाही. तीन फिलेट भेटतात त्या कोपऱ्यात केसाएवढ्या चिंध्या. असल्या मॉडेलवर प्लॅस्टिकचा साचा कापायला घेतला की त्या जागी सगळी वाट लागते. मी सगळे फिलेट उपटले, कोपरा नागडा केला, आणि मोठ्यापासून लहानापर्यंत परत चढवले. एका कोपऱ्यात दिवस गेला.

ज्यो उपटत नाही. आडवा येईल त्या फिलेटला झोपवते. म्हणजे बंद करून ठेवायचा, यादीत त्याचं नाव राखाडी होतं. बाकीचं उरकून शेवटी त्याला उठवते. माझ्या अर्ध्या वेळात मोकळी. ही युक्ती तिला मीच शिकवली. म्हटलं, एक दिवस उठवायचा विसरशील.

"तुम्ही आहात ना ताई बघायला," म्हणाली.

२५ सप्टेंबर

सरांनी दोघींना केबिनमध्ये घेतलं. सॉफ्टवेअरच्या दोन सीट, म्हणजे दोन लायसन्स, आता झेपत नाहीत, जानेवारीपासून एकच. सीट एक म्हणजे बसणारी एक. कोण, ते वॉकरचं काम संपल्यावर. मग माझ्याकडे वळून, "नीलिमाताई, तुमचं काम स्वच्छ असतं, पण तुम्ही फार घासत बसता." मी घासत बसते म्हणून या माणसाचा एकही साचा परत आला नाही, ते सोयीने विसरला.

ज्यो जिन्यात रडली. घर दिंडोरीच्या पुढे. नोकरी आहे तोवरच घरचे नाशिकला खोली करून राहू देतायत. "गेले ना ताई परत, तर लय वाईट. मुलगा बघूनच ठेवलाय त्यांनी." पाठीवरून हात फिरवला. मनात म्हटलं, तुला निदान नवीन माणूस मिळेल. मला सासूबाई.

ऑगस्टमध्ये बाथरूमपाशी पडल्या. आम्ही येईपर्यंत तिथेच पडून होत्या. तेव्हापासून वॉकर, आणि दिवसा एक बाई. पण मी चपला घातल्या की हाका सुरू. पाणी दे, खिडकी लाव, खिडकी उघड.

सतीशला जेवताना सांगितलं. म्हणे, "बरंच होईल की. आईला दिवसभर कोणीतरी हवंच." कोणीतरी. पुढची पोळी त्याच्या ताटात वाढली नाही, टाकली.

३० सप्टेंबर

उद्या खंडेनवमी. एकदा पीसीला हळदकुंकू लागलं की दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, त्यामुळे हातातलं सगळं आजच बाहेर. दिवसभर पळापळ. आमची दुसरी पद्धत अशी की मॉडेल पाठवण्याआधी शेजारच्या पीसीवालीने स्क्रीनवर त्यावर पट्टे फिरवायचे. काळे-पांढरे पट्टे पडतात, जिथे तुटले तिथे काहीतरी बिघडलंय. सही नाही, कागद नाही. शेजारीण "बघितलं" म्हणाली की गेलं.

ज्योने स्क्रीन माझ्याकडे वळवली. स्वतः कानाला फोन लावून साचा कापणाऱ्या सिन्नरच्या टूलरूमवाल्याला "पाठवते, पाठवते" करत होती. पट्टे छान वाहत होते. आणि मुठीच्या पोटाशी, जिथे बोटं खालून वळून येतात, तिथे कड. कोरीकरकरीत. यादीत बघितलं. तीन मिलीचा फिलेट, राखाडी. मूठ आतून पोकळ करताना आडवा आला असणार. झोपवला तो झोपलाच.

"ताई, बघितलं का?"

"बघितलं. पाठव."

 

१ ऑक्टोबर

ज्योने दाराशी रांगोळी काढली, दोन्ही पीसींना झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या मॉनिटरला कुंकू लावताना म्हणाली, "देवी, ताईंची सीट राहू दे, माझीपण राहू दे." सर हसले. मीही.

सिन्नरलाही आज मशीन हार घालून उभी. उद्याही. स्टीलला अजून काही झालेलं नाही. एक फोन पुरे, फाईल बदलतोय म्हणून. नाही केला. सरांनी पेढा दिला, मी आणखी एक मागून घेतला.

४ ऑक्टोबर

मशीन सुरू झाली म्हणे. म्हणजे संपलं. वस्तूची बाहेरची कड साच्यात आतला कोपरा होते. गोलाई नसेल तर तिथलं स्टील जास्तीचं निघून जातं, आणि कापलेलं स्टील परत येत नाही. वेल्डिंग करून भरावं लागतं. वेल्डिंगचं नाव काढलं की टूलरूमवाला आईबाप काढतो.

ज्योच्या आईने माझ्यासाठी वेगळ्या पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. खाल्ल्या. चांगल्या होत्या.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नणंद सहकुटुंब. सा.बा. (दरवेळी पूर्ण लिहायचा कंटाळा येतो) तिच्यासमोर म्हणाल्या, "सून ऑफिसात, मी भिंतींशी बोलते." मी म्हटलं, भिंती तरी ऐकून घेतात. सतीशने डोळे वटारले. नणंदेने चकली उचलली, चावली आणि म्हणाली, विकतची वाटते. विकतचीच होती.

ज्यो गावाला. तिच्याकडे द्राक्षांची छाटणी चालू आहे. फोटो पाठवला, हातात कात्री, डोक्याला रुमाल. शोभतं तिला. पाठवलं तसं लिहून. तिने हसरे चेहरे पाठवले.

१२ नोव्हेंबर

साच्यातून पहिले नमुने आले. सरांनी मूठ हातात धरली आणि बोट खालून फिरवलं. थांबले. परत फिरवलं. ज्योने घाईघाईने फाईल उघडली आणि तिचा चेहरा उतरत गेला. तो उतरताना मी सगळा बघितला.

सरांनी विचारलं, पट्टे कोणी फिरवले होते? ज्यो माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या स्क्रीनवर सांधा उघडून बसले होते.

"ताई, तुम्ही 'पाठव' म्हणालात."

"मला दाखवलंच नाहीस गं तू. त्या दिवशी घाईत होतीस."

भांडली असती तर बरं झालं असतं. मला रागावता तरी आलं असतं. खाली मान घालून म्हणाली, "असेल. घाईत होते." माझ्यावर तिचा इतका विश्वास, की मी नाही म्हटल्यावर स्वतःच्या आठवणीवरचा उडाला. मूर्ख कुठली.

१४ नोव्हेंबर

वाटलं होतं आज निकाल. सरांच्या डोक्यातून भलतंच निघालं. साचा वेल्डिंगला उघडायचा नाहीये त्यांना. गिऱ्हाईकाने अजून नमुना बघितलेला नाही. हाताला लागत नसेल तर डिझाईनच असं आहे म्हणून सांगायचं, विषय संपला.

"तुमच्या सासूबाई वॉकर वापरतात ना? दोन मुठी बसवून बघा. आपल्या हाताने काय कळणार, म्हातारा हात पाहिजे. रविवारी मी येतो, त्यांनाच विचारतो."

आणि मग सरळच सांगितलं. नाही लागलं तर ज्योतीची चूक ते विसरले, मुलगी फास्ट आहे, सीट तिची. लागलं तर साचा उघडायचा, आणि मग ती इथे नको.

म्हणजे माझी नोकरी आता सा.बां.च्या बोटांत.

घरी आल्याबरोबर वॉकरच्या दांड्यांवरचे जुने फोम काढले, मुठी चढवल्या. पाईपचं माप तेच. "नवीन आहेत आई, ऑफिसच्या." खूश झाल्या. "तू बनवल्यास?" हो म्हटलं. हॉलमध्ये दोन फेऱ्या मारून दाखवल्या. चांगल्या आहेत म्हणाल्या. मी हिरमुसले. मग म्हटलं, दोन फेऱ्यांत काय होतंय. म्हातारीचं सगळं वजन हातावर असतं, कातडी तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

१५ नोव्हेंबर

झालं. दुपारपर्यंत उजव्या हाताची मधली दोन बोटं पेराशी लाल. संध्याकाळी एका पेरात चीर. "जरा रुततंय गं," म्हणाल्या. मी हळद लावली आणि विचारलं, उद्या सर येतील, त्यांना सांगाल ना रुततंय म्हणून? "सांगेन की."

पर्समध्ये पॉलिश पेपर असतो माझ्या, नमुन्यांची कड मारायला. चार हात फिरवले असते तर मुठी लोण्यासारख्या झाल्या असत्या. आणि उद्या सा.बा. म्हणाल्या असत्या, काही लागत नाही. आणि मी घरी. पेपर काढला. बघितला. ठेवला.

हे सगळं सतीशला स्वयंपाकघरात सांगितलं. आईला टोचलं तर माझी खुर्ची राहते, नाही टोचलं तर मी घरी. तो बघतच राहिला. "तू आईच्या हाताला..." वाक्य पुरं केलं नाही. त्याची सगळी वाक्यं अशीच. दोन दिवसांचा प्रश्न आहे म्हटलं, मग फोम परत लावते.

बोलताना लक्षात आलं नाही, हॉलमधली मालिका कधीच संपली होती. टीव्ही बंद होता.

१६ नोव्हेंबर, रविवार

सर आले. पोहे, चहा. सा.बां.नी सकाळीच इरकल मागून नेसली होती. केस विंचरून घेतले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सरांनी वाकून नमस्कार केला. "काकू, खरं सांगायचं हं. मूठ हाताला लागते का?"

"अजिबात नाही," सा.बा. म्हणाल्या. "आधीच्यापेक्षा कितीतरी छान. धरवते चांगली."

मी म्हटलं, आई, काल रुततंय म्हणत होतात. सरांना हात दाखवा.

"अगं ते विळीचं. निवडत बसले होते ना भाजी."

विळीला त्यांनी पडल्यापासून हात लावलेला नाही. सर माझ्याकडे बघत होते. त्या उठल्या. दोन्ही हातांनी मुठी आवळल्या, अशा आवळल्या की सगळी बोटं पांढरी पडली, आणि चालायला लागल्या. हॉलमधून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, तिथून वळून खिडकीपर्यंत, परत सोफ्यापर्यंत. एरवी संडासला जायचं तर दोनदा थांबतात. चेहऱ्यावर हसू. सर म्हणाले, वा काकू. त्यांनी अजून एक फेरी मारली.

मी काय करणार होते? सरांसमोर सासूची मूठ उघडायची? सतीश खाली मान घालून पोहे खात होता. त्याला सगळं दिसत होतं. 

सर दारात बूट घालताना म्हणाले, उद्या ऑफिसला बोलू, ताई. पुढे काही नाही. ज्योला त्यांनी जिन्यातच फोन लावला असावा, कारण ते रस्त्यावर पोचायच्या आत तिचा मेसेज आला. "ताई, सर म्हणाले तुमच्या सासूबाईंनी वाचवलं. त्यांच्या पाया पडायला येऊ का?"

मोबाईल उपडा ठेवला. 

आत गेले. सा.बा. सोफ्यावर बसल्या होत्या, हात पदराखाली. पदर ओला. ओढून बघितलं तर दोन्ही हातांची चारही बोटं पेराशी फाटलेली, उजव्या हाताची करंगळी सोडून. पाण्याने धुतले, मलम लावलं, पट्ट्या बांधल्या.  म्हातारीत एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं मला.

म्हटलं, कशाला केलंत हे?

 म्हणाल्या, "त्या दिवशी फरशीवर पडून मी तुझंच नाव घेत होते. सतीशचं नाही." आणि बांधलेला हात माझ्यापुढे केला. "घट्ट झालीय जरा. असू दे. आता घरीच असशील, उद्या सैल बांध."

उद्या सोमवार. सर काय म्हणतात ते उद्या कळेल. हाताचे फोटो काढलेत मी मोबाईलवर, पट्ट्या बांधण्याआधी. सरांना दाखवायचे की नाही, ठरलेलं नाही.

पॉलिश पेपर पर्समध्येच आहे. जुने फोम कपाटात आहेत. मघाशी त्या संडासला गेल्या, त्याच मुठी धरून. मी बदललेल्या नाहीत.