कंडमच्या कागदावर तिसरी सही

सोमवार, ३ नोव्हेंबर
दिलीप आज माझ्या स्कूटरले कंडम म्हणाला. पोटचा पोरगा! "बाबा, शुक्रवारी भंगारवाला येऊन राह्यला. गोठ्यात कापूस ठेवाले जागा पाहिजे." रागानं जेवलोच नाही. मंग बायकोनं, शांतानं, भाकर-वांगं पुढं सरकवलं. तवा जेवलो. तीन भाकरी.

मंगळवार, ४
सून रेखा शाळेत इंग्रजी शिकवते. तिले विचारलं, कंडम म्हंजे काय. म्हणे, "मामाजी, मूळ शब्द कंडेम्ड. कोर्टानं शिक्षा सुनावलेला माणूस, तो बी कंडेम्ड. त्याच्याही मागं लॅटिन, तिथं अर्थ नुकसान." म्हंजे शब्द सरकारी स्टोअरातून गावात आला, शेपूट रस्त्यात गळलं. आता छत्री कंडम, पंखा कंडम, दिलीपचा मामा बी कंडम! लय हासलो. शां. नाही हासली, तिचा भाऊ आहे.
पण शिक्षा द्याची त आधी सुनावणी नको? चौतीस वर्षं बस डेपोत मेकॅनिक होतो. ट्रायल अन् तीन सह्या झाल्याबिगर एक बस कंडम झाली नाही.

बुधवार, ५
घरात डेपोचा कायदा लावला. स्कूटर कंडम कराचा कागद केला, तीन सह्यांचा. दिलीपनं उभ्या उभ्या सही ठोकली. रेखानं बी केली, "सॉरी मामाजी." शां. म्हणे, "ट्रायल झाल्याबिगर मी नाही करत. अन् मागं मीच बसन."
हिच्यासाठीच त घेतली होती स्कूटर, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ते काऊन सांगू कोणाले.

गुरुवार, ६
कार्बोरेटर खोलला. प्लग घासला. सत्तावीस किका मारल्या, काही नाही. अठ्ठाविसावीले... सुरू! कोंबड्या पळाल्या. शां. नवी साडी नेसून तयारच.
जैनथ गाव मागं टाकून पैनगंगा नदीपर्यंत गेलो. शां.चा हात खांद्यावर. इतकं बरं वाटलं का काय सांगू.
येतानी बंद पडली. दोन कोस ढकलत आणली. मी हँडल धरून, ती मागून. सारा रस्ता हासत होती. पाय दुखून राह्यले.

शुक्रवार, ७
भंगारवाला दारात. दिलीपनं कागद धरला, "आई, बंद पडली ना? कर सही."
शां.नं पेन घेतला, कागद पुरा वाचला, अन् पेन अंबाड्यात खोचला. "जातानी चालली. येतानीची ट्रायल बाकी आहे."
दिलीप कपाळाले हात लावून बसला. भंगारवाल्याले चहा पाजला.
मी नवा प्लग आणाले चाललो. शां. म्हणते, मले बी याचं आहे, पण आज ऑटोनं, पाय अजून दुखून राह्यले.